एकाच दिवशी दोन आखाडे

निमोळी खुर्द, ता. कर्जत, जि. अहिल्यानगर
८ मार्च २०२६

पाण्यात उड्या घेणाऱ्या, सायकली दामटणाऱ्या आणि एवढे करून वर पुन्हा पळत सुटणाऱ्या तमाम लेकींनो,

तुमचे देश वेगळे, भाषा वेगळ्या. गाऱ्हाणे मात्र एकच आहे. घाम तुम्ही गाळता आणि दिवस दुसराच कोणी ठरवतो. कोणत्या रविवारी कोणाच्या कमानीखालून पळायचे, हे गार खोलीत बसलेली अशी माणसे ठरवतात, ज्यांनी आयुष्यात बस पकडायलासुद्धा कधी धाव घेतली नाही. दोन मालकांच्या भांडणात तुमची उमेदीची वर्षे भरडली जातात आणि वर तुम्हालाच सांगतात, हे तुमच्या भल्यासाठी चालले आहे. कसले भले, कोणाचे भले, हे एकदा तोंडावर विचारा.

निकिता, एवढे तुझ्या सोबतिणींना वाचून दाखव. इंग्रजी करताना धार कमी करू नकोस. इथून पुढचे तुझ्यापुरते.

परवा फोनवर तू सांगितलेस ते मला नीट समजले की नाही, ते तपासून घेतो. तुमच्या या तीन खेळांच्या शर्यतीत दोन कंपन्या आहेत. एक थोरली, कोलोसस. तिची जागतिक स्पर्धा लांब पल्ल्याची. चारेक किलोमीटर पोहायचे, मग सायकलवर कर्जतहून नगरला जाऊन परत यायचे तरी थोडे उरेल एवढे अंतर तोडायचे, आणि शिल्लक जिवावर बेचाळीस किलोमीटर पळायचे. त्या स्पर्धेत तुझी पहिल्यांदाच निवड झाली आहे. दुसरी धाकटी, मेरिडियन. तिचे अंतर निम्मे, पण ती खेळाडूंना वर्षभराचा पगार देते. पगार मिळाला तर तुझा सराव सुरू राहील. नाही मिळाला तर पुण्याच्या नोकरीत परत. आणि धाकटीने आपली अंतिम स्पर्धा मुद्दाम थोरलीच्याच रविवारी ठेवली आहे. एकीच्या कागदावर सही केली की दुसरीचे दार बंद. मुदत चोवीस एप्रिलचा शुक्रवार. बरोबर?

हा निव्वळ जुलूम आहे. रोममध्ये अडीच हजार वर्षांपूर्वी सामान्य माणसांनी काय केले, ते मी तुला सातवीत शिकवले होते. ती सरदारांशी लढली नाहीत. शहर सोडून टेकडीवर जाऊन बसली. शेवटी सरदारांनाच माणसे पाठवून त्यांची मनधरणी करावी लागली. आपल्याकडे मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करणार नाही म्हणून वस्तरे खाली ठेवले, त्यालाही शंभरावर वर्षे झाली. हे सगळे अडाणी होते का? तुम्ही तर शिकलेल्या आहात.

इथले सर्व ठीक. मामी बरी आहे. आमचा पोरगा कल्याण तालमीतून घरी फक्त जेवायला येतो. जत्रा नेहमीसारखीच. विशेष काही नाही.

तुझा मामा
बिभीषण


जिरोना, स्पेन
१४ मार्च

ती. मामा,
सा. न.

कल्याणने तुमच्या पत्राचा फोटो पाठवला. उघडले आणि आधी वाटले, फोनचा आवाज मोठा राहिला आहे. तुमच्या अटीप्रमाणे मीही हातानेच लिहिते आहे. कल्याणकडून वाचून घ्या, चष्मा शोधत बसू नका.

जेवणाच्या टेबलावर आम्ही सहाजणी होतो. तुमचा पहिला परिच्छेद मी इंग्रजीत वाचला. बस पकडणाऱ्या वाक्याला सगळ्यांनी टेबल वाजवले. मारित म्हणून नॉर्वेची मुलगी आहे, लांबच्या स्पर्धेची गेल्या वर्षीची विजेती, माझ्या शेजारच्या खोलीत राहते. तिने विचारले, हा कोणत्या युनियनचा पुढारी. मी म्हटले, माझा मामा आहे. तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला आणि अजून जत्रेच्या कुस्त्यांना माइकवर तोच असतो. ती म्हणाली, मग पोहायला तुला त्यानेच शिकवले असणार. मी हो म्हटले. विहिरीच्या काठावर उभे राहून "पाय मार, पाय मार" असे अख्खी दुपार ओरडणाऱ्या माणसाचे स्वतःचे पाय कधी ओले झाले नाहीत, हे घरातल्या घरात राहू दे.

आणि मागच्या फोनवर तुम्ही विचारले होते, पोहून बाहेर आल्यावर चहा मिळतो का. नाही मिळत. चपला शोधायलाही वेळ नसतो.

तुम्हाला सगळे बरोबर समजले आहे. फक्त एक गोष्ट फोनवर सांगायची राहिली. मुदतीच्या शुक्रवारी इथल्याच एका हॉटेलात दोन्ही कंपन्यांची माणसे समोरासमोर टेबले मांडून बसणार आहेत. एकेकीचे नाव पुकारतील, ती उठून एका टेबलाकडे जाईल, सही करील, फोटो काढतील. आम्हा सगळ्यांना दोन्ही स्पर्धा हव्या आहेत. कोणीही एकाने आपली तारीख दोन-तीन आठवडे सरकवली की भांडण मिटते. पण हे सांगायला पहिली उठणार कोण? मी सही केली नाही आणि बाकीच्यांनी केली, तर माझी जागा दुसरी घेईल आणि मी पुण्याला परत. मी तेहतीस वर्षांची आहे, मामा. लांबची स्पर्धा पळायची म्हणून मी घर सोडले. ती सोडून पगार घ्यायचा, की पगार सोडून ती एकदा पळायची आणि कायमचे घरी यायचे, एवढाच माझ्यापुढचा प्रश्न आहे. भाषणाने तो सुटला नाही, पण भूक चांगली लागली.

आणखी एक. जत्रेबद्दल तुम्ही "विशेष काही नाही" लिहिले आहे. एरवी शेवटच्या कुस्तीची जोड कोण, हलगीवाला कुठला, फेटे कोणत्या रंगाचे, यावर दोन पाने असतात. काय शिजते आहे?

तुमची
निकिता


जिरोना
१९ मार्च

ती. मामा,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे, कारण काल आईचा फोन आला.

फोन ठेवला तेव्हा मारित समोरच होती. मी हसते आहे की रडते आहे ते तिला कळेना, म्हणून मी तिला पहिल्यापासून समजावून सांगितले. म्हटले, आमच्याकडे एक ओढा आहे. अलीकडे निमोळी बुद्रुक, माझ्या वडिलांचे गाव. पलीकडे निमोळी खुर्द, माझे आजोळ. दोन्ही गावांत चैत्रात भैरवनाथाची जत्रा असते आणि जत्रेत कुस्त्या, त्याला हगामा म्हणतात. वद्य अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी बुद्रुकचा हगामा, तिसऱ्या दिवशी खुर्दचा. पैलवान दोन्हीकडे खेळतात, माणसे दोन्हीकडे बघतात, आणि माझ्या आईसारख्या बायका एक दिवस सासरचे पाहुणे जेवू घालतात आणि दुसऱ्या दिवशी माहेरी जाऊन आयत्या ताटावर बसतात. या वर्षी खुर्दच्या कमिटीने आपला हगामा एक दिवस अलीकडे ओढला आहे. म्हणजे बुद्रुकच्याच दिवशी. शिवाय पत्रकात छापले आहे की जो पैलवान बुद्रुकच्या हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उतरेल, त्याचा पुढच्या वर्षी खुर्दला विचार होणार नाही.

मारितने विचारले, कमिटीचा प्रमुख कोण?

मी सांगितले. तिला ठसका लागला. पाठीवर थापा माराव्या लागल्या.

आईने पत्रकाचा फोटो पाठवला आहे. तुमच्या पत्रकात लिहिले आहे, "आमचे कोणाशीही वैर नाही. पैलवानांना मानाचे व्यासपीठ मिळावे हीच तळमळ. दिवसाचा निर्णय ग्रामस्थांच्या विचाराने झाला आहे." धाकट्या कंपनीचे पत्रही त्याच दिवशी आले. त्यात आहे, "आमची कोणाशीही चढाओढ नाही. खेळाडूंना उत्तम मंच मिळावा हीच इच्छा. तारखेचा निर्णय सर्व संबंधितांच्या विचाराने झाला आहे." मी दोन्ही मारितला वाचून दाखवले आणि ओळखायला सांगितले, कोणते कोणाचे. ती चुकली. मग बाकीच्या चौघींना विचारले. त्यातल्या तिघी चुकल्या, आणि चौथी म्हणाली, दोन्ही एकाच माणसाने लिहिली आहेत.

मामा, बस पकडायला तुम्ही शेवटचे कधी पळाला होतात?

आई रागावलेली नाही. ती एवढेच म्हणाली, "लगीन झाल्यापासनं पहिल्यांदा म्हायेरची जत्रा चुकनार. तुझ्या मामाला इचार, मी कुठल्या गावात ऱ्हायचं त्या दिशी." मी विचारायचे काम केले.

तुमची, आणि सध्या बुद्रुकची
निकिता


निमोळी खुर्द
२५ मार्च

चि. निकितास आशीर्वाद.

घरभेदी घरातच असतो, हे मी तीस वर्षे वर्गात शिकवत आलो. तो माझी सख्खी बहीण निघेल आणि साथीला भाची असेल, असे पाठ्यपुस्तकात नव्हते.

माझी बाजू ऐक. वर्षानुवर्षे बुद्रुकचा दिवस पहिला. तालुक्यातले, जामखेडचे, पार श्रीगोंद्याचे पैलवान पहिल्या दिवशी तिकडे जीव तोडून खेळतात. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कोण येते? कोणाचा गुडघा सुजलेला, कोणाची मान धरलेली. गेल्या वर्षी आमच्या शेवटच्या कुस्तीचा पैलवान हौद्यात आला, फेटा बांधून घेतला, बांधलेला खांदा चारी बाजूंना दाखवला आणि निघून गेला. मी माइकवर होतो. लोक तसेच बसलेले. मी पंधरा मिनिटे त्या खांद्याचे वर्णन केले. आणि पलीकडून श्रीमंत, तो त्यांच्या कमिटीचा म्होरक्या, कर्ण्यावरून काय म्हणाला? "खुर्दकरांनी काळजी करू नये, आमच्याकडचं उरलंसुरलं पाठवून देऊ." ओढा काही रुंद नाही. सगळ्या गावाने ऐकले. तुझ्या मामीनेही ऐकले.

तेव्हा आम्ही काही हिसकावले नाही. गेलेला मान परत आणला. तुझ्या कंपन्या धंद्यासाठी भांडतात, आम्ही गावाच्या अब्रूसाठी. हा फरक तुझ्या त्या नॉर्वेच्या मैत्रिणीला समजावून सांग. पत्रके सारखी दिसतात हे मान्य. चांगली मराठी लिहिली की भाषांतरात सगळेच सारखे दिसते.

तू चिडवलेस, पण तुझा प्रश्न मी विसरलेलो नाही. आता मी स्पर्धा भरवणाऱ्यांपैकीच ठरलो आहे, तर आतली गोष्ट सांगतो. भरवणारा रागाला भीत नाही. राग आला तरी पैलवान लंगोट लावतोच. अर्जाला भीत नाही; अर्ज घेऊन ठेवता येतो. भाषणाला तर मुळीच भीत नाही. भाषण आम्हाला जास्त चांगले येते. भीती एकाच गोष्टीची. हलगी कडाडते आहे, माणसे दाटीवाटीने बसली आहेत आणि हौद्यात कोणी उतरत नाही. अशी दहा मिनिटे गेली तर मोठ्यातला मोठा भरवणारा हात जोडतो. पण पैलवान कधी एक होत नाहीत. प्रत्येकाला वाटते, मी बसलो तर दुसरा उतरेल. त्या भरवशावर आम्ही निवांत झोपतो, आणि तुझ्या कंपन्याही झोपत असतील.

हे पत्र लगेच पाठवायला कल्याणच्या हाती देतो आहे. तसा तो कागदाकडे बघत नाही, पण हल्ली फोटो काढायला फार वेळ घेतो. अक्षर लागत नाही म्हणतो.

तुझा मामा


जिरोना
२ एप्रिल

ती. मामा,

खांद्याचे वर्णन मारितला सांगितले. ती म्हणते, पुढच्या वर्षी ती खांदा न दुखवता खुर्दला येईल. मी म्हटले, आधी दिवस कोणता ते ठरू दे.

आज चेष्टेला बळ नाही. आमच्या सहांपैकी एकीने काल धाकटीला होकार कळवून टाकला. तिला दोष देत नाही. तिचे लहान मूल आहे. पण ती जेवायला आली तेव्हा कोणी तिच्याकडे बघितले नाही, आणि नंतर मीच खोलीत जाऊन कराराचा कागद काढून बसले होते. पोहणे, सायकल, पळणे, यांतले काहीच कठीण वाटत नाही, एवढी ती सही कठीण वाटली. शेवटी केली नाही. कठीण वाटली म्हणून केली नाही, दुसरे काही कारण नाही.

तुमच्या पत्रातली रिकाम्या हौद्याची गोष्ट मी बाकीच्यांना सांगितली. पटली सगळ्यांना. पण एक शंका आहे आणि तिचे खरे उत्तर तुमच्याशिवाय कोणी देणार नाही. समजा पैलवानांनी उद्या तुमच्यासमोर तसे केले. तुम्ही त्यांना माफ कराल? की पुढच्या वर्षी एकेकाला बाजूला काढाल? मला पुढच्या वर्षीही याच लोकांच्या स्पर्धांत पळायचे आहे. भाषण नको. वक्ता बिभीषण गुरुजींनी नाही, कमिटीच्या बिभीषणने उत्तर द्यावे.

तुमची
निकिता


निमोळी खुर्द
१३ एप्रिल

चि. निकितास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण उत्तर माझ्याकडे नव्हते. आता आहे.

शनिवारी दुपारी हगामा. हौद्यातली माती भिजवून मऊ केलेली, मांडव भरलेला, हलगीवाले अगदी रंगात. पलीकडे बुद्रुकची हलगीही ऐकू येत होती, म्हणून आमच्यांना मी आणखी जोरात वाजवायला सांगितले. पैलवान आले. पण कपड्यांनिशी आले आणि ओढ्यातल्या कोरड्या वाळूत जाऊन बसले. ना इकडे, ना तिकडे. मला वाटले, सावली बघून बसले असतील. मग लक्षात आले, ओढ्यात सावलीच नाही.

मी नावे पुकारली. कोणी उठेना. म्हटले, मान घरापासून सुरू करू. पहिली जोड माझ्या कल्याणची. तो सगळ्यांत पुढे बसला होता. माझ्याकडे बघून हसला आणि बसूनच राहिला.

मग मी बोललो. निकिता, असा मी आयुष्यात बोललो नसेन. मातीचा मान, गावाची अब्रू, वाडवडिलांचा वारसा. बोलण्याच्या भरात रोमची टेकडीही सांगून टाकली, आणि अर्ध्यात माझ्या लक्षात आले की मी भलत्याच बाजूने बोलतो आहे. पण वाक्य सुरू केले की पुरे करावे लागते. संपले तेव्हा वाळूतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. आणि पुन्हा बसले.

मी माइक ठेवून ओढ्यात उतरलो.

"नाना, भाषन लई झ्याक झालं," कल्याण म्हणाला. "आता तारीख बोला."

"कसली तारीख?"

"उद्याची. आज बुद्रुक, उद्या खुर्द. आन् बुद्रुकला खेळनाराला घेनार न्हाई, ही वळ पत्रकातनं काडा."

"म्हणजे उद्या पुन्हा सुजलेले गुडघे आमच्याकडे?"

"त्ये बी ठरिवलंय आमी. ज्येची खुर्दला मोठी कुस्ती हाय, त्यो आज नुसता बघनार. ज्येची बुद्रुकला हाय, त्यो उद्या नुसता बघनार. शेवटची जोड दोनी गावांला ताजी भेटंल. आलटून पालटून पुढच्या साली तुमी पयल्या दिशी घ्या. श्रीमंत आन्नाला मान्य हाय का, त्ये पलीकडचं पोरं इचारत्यात. त्यांच्या हौद्यात बी कोन न्हाई."

मी पलीकडे पाहिले. श्रीमंत माइक हातात धरून रिकाम्या हौद्यापाशी उभा होता. खरे सांगतो, तेवढ्यापुरते फार बरे वाटले.

"हे तुम्हाला शिकवलं कोणी?" मी विचारले.

"तुमीच की. फोटू काडताना वाचाया लागतंय, न्हाईतर वळी तिरक्या येत्यात."

काठावरून तुझी मामी बोलली, तीही माइकची गरज नसलेल्या आवाजात. "अवो, पोरं उन्हात बसल्यात. तुमच्या भनीला, सविताला, मी सकाळीच फोन केलाय, उंद्या ये म्हनून. आता काय ठरवायचं त्ये तुमी ठरवा."

मी वर जाऊन माइक घेतला. म्हणालो, ग्रामस्थांच्या विचाराने खुर्दचा हगामा उद्या होईल. वाळूतून कल्याण ओरडला, "ग्रामस्थ ऱ्हाऊ द्या, पैलवानांच्या म्हना." ते शब्द बदलून मी पुन्हा जाहीर केले. मग सगळा मांडव उठून ओढा ओलांडून बुद्रुकला गेला. मीही गेलो. श्रीमंतने खुर्ची दिली आणि म्हणाला, "बसा गुरुजी. माइक एकच हाय, पर तुमाला लईच तलफ आली तर दिऊ." मी तीन कुस्त्या धीर धरला.

रविवारी आमचा मांडव कधी नव्हे इतका भरला. बुद्रुकचे सगळे आले. तुझी आई माझ्या घरी आयत्या ताटावर बसली आणि मीठ कमी आहे म्हणाली. शेवटची कुस्ती वीस मिनिटे चालली आणि निकाली झाली. कल्याण त्याच्या कुस्तीत हरला. पण ताजा हरला, हे मी माइकवर सांगितले.

आता तुझ्या शंकेचे उत्तर. कमिटीचा बिभीषण देतो आहे.

राग आला. शनिवारी ओढ्यातून वर आल्यावर रात्रीपर्यंत मी पोराशी बोललो नाही. पुढच्या वर्षी कोणाकोणाला बाजूला काढायचे, याची नावे मी मनात घेऊ लागलो होतो. घेता घेता थांबलो, कारण त्यात सगळेच आले. सगळ्यांना काढले तर माइकवर मी कोणाचे वर्णन करू? हे खरे कारण आहे. माझे मन मोठे झाले वगैरे काही नाही. आणि दुसरेही तितकेच खरे सांगतो, कारण तू खरे मागितलेस. एकटा कल्याण बसला असता, तर पोटचा पोरगा असूनही मी त्याला काढलेच असते, आणि त्याच्या जागी दुसरा उतरवून चांगले भाषणही केले असते.

एकटी बसू नकोस. एवढेच.

तुझा मामा
बिभीषण


जिरोना
१९ एप्रिल

ती. मामा,

तुमचे पत्र मी चौघींना वाचून दाखवले, आणि मग जिने होकार कळवला होता तिच्या खोलीत जाऊन तिलाही. ती म्हणाली, मी फक्त कळवले आहे, सही शुक्रवारीच आहे. तिचे मूल मांडीवर होते. मी तिला कसलीही गळ घातली नाही. जाताना तिने विचारले, तुझा तो भाऊ हरला म्हणून त्याला वाईट वाटले का. म्हटले, नाही, त्याचा बाप दोन दिवस त्याचेच कौतुक सांगत होता.

आता शर्यतीतल्या सगळ्याजणींना एक पत्र पाठवते आहे. आधी मराठीत लिहिले, कारण इंग्रजीत मला रागावता येत नाही, फक्त खेद व्यक्त करता येतो. आज संध्याकाळी मारित आणि मी बसून त्याचे भाषांतर करू. तुमच्याकडे पाठवते. धार तपासा, पण वाढवू नका. तुम्ही वाढवली की ते दोन तासांचे होते.

तुमची
निकिता

सोबतचे पत्र:

मैत्रिणींनो,

आपण एकमेकींना पाठीवरून जास्त ओळखतो. पाण्यात कोण पुढे आहे, चढावर कोण दमते, शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये कोणाचे खांदे वर येतात, हे सगळे आपल्याला ठाऊक आहे. पण शुक्रवारी कोण काय करणार, हे एकीलाही दुसरीचे ठाऊक नाही. दोन्ही कंपन्या आपल्या या न बोलण्यावर उभ्या आहेत.

मी कोणत्याही कंपनीच्या विरुद्ध नाही. थोरलीने हा खेळ जगभर नेला. धाकटीने पहिल्यांदा आपल्या कष्टाला महिन्याचा पगार लावला. दोघींची भीतीही खरी आहे: आपण एकीकडे दमलो तर दुसरीकडे थकलेल्या पोहोचू. हा प्रश्न आपणच सोडवून देऊ शकतो. दोन्ही कंपन्यांना सांगू: दोन अंतिम स्पर्धांमध्ये तीन आठवड्यांचे अंतर ठेवा. कोण कोणत्या स्पर्धेला ताजी उतरणार, ते आम्ही आधी ठरवून सांगतो. पहिली तारीख एक वर्ष तुमची, एक वर्ष त्यांची. एवढेच मागायचे आहे, आणि हे मागताना कोणाचेही वाकडे होत नाही.

माझ्या गावाकडे नुकतेच हे घडले. दोन गावांनी एकाच दिवशी कुस्त्या ठेवल्या होत्या. पैलवान दोन्ही गावांच्या मधोमध जाऊन बसले. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत, कोणाला शिव्या दिल्या नाहीत. भाषण झाले त्याला टाळ्यासुद्धा दिल्या. फक्त उठले नाहीत. कमिटीचा प्रमुख माझा मामा आहे. त्याला मी विचारले, तुम्ही त्यांना पुढच्या वर्षी शिक्षा कराल का. त्याने लिहिले, एकटा बसला असता तर केली असती. सगळे बसले म्हणून करता येत नाही. यापेक्षा प्रामाणिक उत्तर आपल्याला कोणत्याही कंपनीकडून मिळणार नाही.

मला भीती वाटते. मी पहिल्यांदाच त्या लांबच्या शर्यतीपर्यंत पोहोचले आहे आणि ती पळायची संधी मला पुन्हा मिळेलच असे नाही. मारितकडे गमावण्यासारखे कदाचित माझ्याहून जास्त आहे. तिने मला सांगितले आहे की पहिले नाव तिचे पुकारतील आणि ती बसून राहील. दुसरे कोणाचे पुकारतील ते माहीत नाही. माझे असले तर मीही बसेन. पण दोघी पुरत नाहीत.

शुक्रवारी सकाळी त्या दालनात सगळ्या या. कोणत्याही कंपनीच्या टेबलापाशी जाऊ नका. मधल्या खुर्च्यांवर एकमेकींना लागून बसा. आणि तुमचे नाव पुकारले की जागेवरून उठू नका.

निकिता